सीडीएसचा रोजचा भाव क्लिअरिंग हाऊस ठरवते. पण ते ठरवणे बरोबर आहे की नाही, हे कोण पाहते?

रोखेवाला

शेअरच्या बंद भावाबद्दल फारसे वाद होत नाहीत. आपल्याकडे वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी काढली जात आली आहे आणि तो आकडा कोणालाही पडताळून पाहता येतो. परंतु ज्या कराराचा दिवसभरात एकही सौदा झालेला नाही, त्याचा बंद भाव काय मानायचा? आणि त्याच भावावर त्या दिवसाची कोट्यवधी डॉलरची रोख देवघेव होणार असेल, तर तो आकडा कोणाच्या सांगण्यावरून मान्य करायचा? क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, म्हणजे सीडीएस, या साधनाच्या बाबतीत हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो. मराठीत यावर फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. एखाद्या कंपनीने कर्ज बुडवले तर नुकसान भरून देण्याची हमी एक पक्ष दुसऱ्या पक्षाला देतो आणि त्याबदल्यात ठरलेला हप्ता घेतो, असे या कराराचे स्वरूप असते. हमीचा दर बेसिस पॉइंटमध्ये (टक्क्याच्या शंभराव्या भागात) सांगितला जातो. 2007 च्या अखेरीस अशा करारांची एकूण दर्शनी रक्कम सुमारे 58 लाख कोटी डॉलर होती आणि जवळजवळ सगळे करार दोन पक्षांमध्ये परस्पर झालेले होते. भाव काय मानायचा, हेही त्या दोघांनीच ठरवायचे. त्याचा परिणाम अशा हमी विकून बसलेल्या एआयजी या अमेरिकी विमा कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिला. 27 जुलै 2007 रोजी गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने आपल्या हिशेबाप्रमाणे एआयजीकडे 180 कोटी डॉलरचे तारण मागितले. एआयजीला तो भाव मान्य नव्हता, आणि ऑगस्टमध्ये तिने 45 कोटी डॉलर भरले. एकाच कागदाच्या दोन किमती घेऊन दोन मोठ्या संस्था वर्षभर पत्रव्यवहार करत राहिल्या. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला एआयजीसाठी 8,500 कोटी डॉलरची कर्जमर्यादा उघडावी लागली, तेव्हाच हा वाद किती महाग होता ते कळले.

त्यानंतर क्लिअरिंग हाऊस मध्ये आले. मार्च 2009 मध्ये आइस ट्रस्टने (आजचे आइस क्लिअर क्रेडिट) अमेरिकेत सीडीएस निर्देशांकांचे (अनेक कंपन्यांवरील सीडीएसच्या एकत्रित टोपल्यांचे) क्लिअरिंग सुरू केले, 2010 मध्ये वित्तीय बाजारांवरील देखरेखीचा डॉड-फ्रँक कायदा झाला आणि मार्च 2013 पासून प्रमुख निर्देशांकांवरील करार क्लिअरिंग हाऊसमार्फतच करण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. क्लिअरिंग हाऊस प्रत्येक विक्रेत्याचा खरेदीदार आणि प्रत्येक खरेदीदाराचा विक्रेता होते. भाव चढला की एका बाजूकडून रोख रक्कम घेऊन दुसरीला देते, आणि हे रोज करते. त्यामुळे रोजचा भाव ही इथे माहितीपुरती गोष्ट राहत नाही. तो प्रत्यक्ष पैसे हलवतो.

हा भाव येतो कुठून? आइस क्लिअर क्रेडिटमध्ये तो सभासद बँकांकडूनच येतो. ज्या करारात त्यांचे सौदे शिल्लक आहेत, त्या प्रत्येक करारासाठी त्यांनी दिवसअखेर आपला भाव कळवायचा असतो. म्हणजे ज्यांचे पैसे त्या भावावर अवलंबून आहेत, त्यांनाच भाव विचारला जातो. ही गोष्ट ऐकली की लायबॉरची, म्हणजे बँकांनी स्वतःच सांगितलेल्या दरांवरून लंडनमध्ये काढल्या जाणाऱ्या व्याजदराची, आठवण येणे स्वाभाविक आहे. फरक असा की लायबॉरमध्ये बँकेने सांगितलेल्या दराने तिला कोणी कर्ज घ्यायला लावत नव्हते. इथे मात्र सभासदांना आधी कळू न देता निवडलेल्या काही दिवशी, तुम्ही कळवलेल्या भावावरून तुम्हाला खरोखर सौदा करावा लागतो. त्याला तिथे फर्म ट्रेड म्हणतात.

कसे ते सोप्या आकड्यांत पाहू. समजा पाच सभासदांनी एका कंपनीच्या पाच वर्षांच्या करारासाठी 100, 102, 103, 104 आणि 108 बेसिस पॉइंट असे मधले भाव कळवले आणि क्लिअरिंग हाऊसने खरेदी-विक्रीतील अंतर 4 धरले. मग प्रत्येकाचा खरेदीभाव दोनने खाली आणि विक्रीभाव दोनने वर जातो. खरेदीभाव चढ्याकडून उतरत्या क्रमाने लावले तर 106, 102, 101, 100, 98 असे येतात. विक्रीभाव उतरत्याकडून चढत्या क्रमाने 102, 104, 105, 106, 110. आता जोड्या लावा. पहिल्याच जोडीत 106 ला घेणारा आणि 102 ला देणारा समोरासमोर येतात, म्हणजे भाव एकमेकांना ओलांडून गेले. फर्म ट्रेडचा दिवस असेल तर 108 कळवणारा सभासद हमी विकत घेणारा ठरतो आणि 100 कळवणारा विकणारा. उरलेल्या चार जोड्यांचे मध्य 103, 103, 103 आणि 104 आहेत. दिवसाचा भाव त्यांच्याच आसपास पडतो. प्रत्यक्षातील नियम याहून बारीक आहेत, ढोबळ चुकीच्या आकड्यांसाठी वेगळी चाळणी आहे, पण गाभा हाच.

माझे म्हणणे थोडक्यात असे: नियामकाने भाव ठरवू नये आणि भाव काढण्याचे सूत्रही लिहून देऊ नये. त्याने फक्त एवढे पाहावे की भाव सांगणाऱ्याला आपल्या आकड्याची किंमत मोजावी लागते की नाही, आणि ती किंमत पुरेशी आहे की नाही. आज नियमांचा भर याऐवजी "विश्वसनीय स्रोत" आणि "योग्य मूल्यांकन पद्धती" अशा शब्दांवर आहे, आणि ते मला अपुरे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त_कॅशियर

विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी एक सरळ प्रश्न विचारतो. घरमालकांनाच भाडे ठरवायला बसवायचे आणि मग त्यांच्यावर देखरेख ठेवायची, यापेक्षा प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांचे भाव का वापरू नयेत? अमेरिकेत आता प्रत्येक सौद्याची नोंद होते असे वाचले आहे. नोंद आहे तर अंदाज कशाला?

रोखेवाला

काका, निर्देशांकाच्या बाबतीत तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी लागू पडते. सीडीएक्स या उत्तर अमेरिकी निर्देशांकात 125 कंपन्या असतात आणि त्याच्या ताज्या मालिकेचे सौदे दिवसभर होत असतात. अडचण एकेकट्या कंपनीच्या कराराची आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने 2010 मधील तीन महिन्यांच्या सौद्यांचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला होता. त्यात असे दिसले की बहुसंख्य नावांमध्ये दिवसाला सरासरी एकही सौदा होत नव्हता. त्यातही पाच वर्षांच्या मुदतीचे करार त्यातल्या त्यात चालणारे. सात किंवा दहा वर्षांच्या मुदतीचा भाव हवा असेल तर आठवडेच्या आठवडे एकही सौदा सापडणार नाही. परंतु क्लिअरिंग हाऊसच्या पुस्तकात मात्र ते करार पडलेले असतात आणि त्यांचा हिशेब रोज करावा लागतो.

सव्वादोनची_पाळी

मी पुण्यात एका परदेशी बँकेच्या भावपडताळणी विभागात काम करतो. (आयडीचा अर्थ आता कळला असेल: न्यूयॉर्कचा बाजार उन्हाळ्यात संध्याकाळी साडेचारला हिशेबासाठी थांबतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात, आणि आमचे खरे काम त्यानंतर सुरू होते.) जे लिहितो ते सर्वसाधारण कार्यपद्धतीबद्दल आहे, कोणत्याही संस्थेबद्दल नव्हे.

बाहेरून असे वाटते की कोणीतरी चतुर व्यापारी बसून भाव हळूच दोन पॉइंट सरकवतो. प्रत्यक्षात बहुतेक नावांसाठी व्यापारी हाताने भाव टाकतच नाही. पत्रकात शेकडो नावे असतात. पाच वर्षांचा भाव दलालांकडून आलेल्या दर्शक (म्हणजे सौद्याचे बंधन नसलेल्या) भावांवरून बसवला जातो, त्यावरून बाकीच्या मुदतींची वक्ररेषा ओढली जाते आणि निर्देशांक जेवढा हलला तेवढीच नावेही हलवली जातात. क्लिअरिंग हाऊसकडे जातो तो आकडा यातून निघतो. त्यामुळे पाच बँकांचे भाव जवळजवळ सारखे आले तर त्याचा अर्थ पाच जणांनी स्वतंत्रपणे बाजार पाहिला असा होत नाही. पाचही जणांनी तोच दलाल आणि तीच रीत वापरली, एवढाच अर्थ निघू शकतो. अशा वेळी जोड्या लावल्या तरी एकही भाव ओलांडला जाणार नाही, एकही फर्म ट्रेड होणार नाही, आणि भाव मात्र सगळ्यांचा एकत्र चुकलेला असेल.

धागालेखकांच्या मुद्द्यात मला ही फट दिसते. फर्म ट्रेडची शिक्षा एकट्याने वेगळे बोलणाऱ्याला होते. सगळ्यांनी मिळून चुकणाऱ्यांना ती होत नाही. उलट, ज्याच्याकडे खरोखर नवी माहिती आहे त्यालाही ती गप्प बसायला शिकवते. 108 हा भाव खरा असला तरी शहाणा माणूस 104 लिहील.

शिकागोकर

वरील प्रतिसादाला अनुमोदन, पण एक दुरुस्ती. ज्याला 108 हा भाव खरा वाटतो, त्याला 104 च्या आसपास हमी विकत मिळाली तर तो आनंदाने घेईल. आपल्या भावावर विश्वास असणाऱ्याला सक्तीच्या सौद्याचे भय नसते. भय खोटे सांगणाऱ्याला असते. तेव्हा "नवी माहिती असणारा गप्प बसेल" हे सरसकट खरे नाही. तो गप्प बसेल तर आपली माहिती फुकट वाटायची नाही म्हणून, आणि तो वेगळा हिशेब झाला.

आता रोखेवाल्यांच्या उदाहरणातला फायदा-तोटा मोजून पाहू. पाच वर्षांच्या कराराचा भाव एक बेसिस पॉइंट हलला तर एक कोटी डॉलरच्या दर्शनी रकमेवर साधारण 4,500 डॉलरचा फरक पडतो. 108 कळवणाऱ्याकडे 100 कोटी डॉलरची खरेदी आहे असे धरा. त्याच्या आकड्यामुळे चार जोड्यांची सरासरी 103 ऐवजी 103.25 झाली, म्हणजे त्याला सुमारे 1,12,500 डॉलर जास्त मिळाले. फर्म ट्रेडमध्ये त्याच्या गळ्यात एक कोटी डॉलरचा करार दोन पॉइंट महाग पडला, तर नुकसान 9,000 डॉलर. वरवर पाहता खोटे बोलणे परवडते.

परंतु ते 1,12,500 डॉलर त्याचे झालेले नाहीत. उद्या भाव 103 वर आला की तीच रक्कम परत जाते. रोजच्या देवघेवीत चोरी टिकत नाही. ती फक्त उधारी असते. फर्म ट्रेडमधील नुकसान मात्र कायमचे असते. म्हणून सुदृढ बँकेला हा खेळ करण्याचे कारण नाही. कारण कोणाला असते? ज्याला दोन आठवडे हवे आहेत त्याला. तोटा दडवायचा आहे, तिमाही संपेपर्यंत वेळ काढायचा आहे, त्याला.

जे. पी. मॉर्गनचे 2012 चे लंडनचे प्रकरण याच साच्यातले आहे. तिथल्या गुंतवणूक विभागाने सीडीएस निर्देशांकांवर प्रचंड सौदे केले होते. 2012 च्या पहिल्या तिमाहीत तोटा वाढू लागला तेव्हा त्यांनी मधला भाव सोडून खरेदी-विक्रीच्या पट्ट्यातील आपल्याला सोयीची कड वापरायला सुरुवात केली. प्रत्येक भाव सुटा पाहिला तर तो पट्ट्यातच होता, म्हणून कोणाला आक्षेप घेता येईना. बँकेला पुढे त्या तिमाहीचा निव्वळ नफा 45.9 कोटी डॉलरने कमी करून पुन्हा जाहीर करावा लागला आणि एकूण तोटा 620 कोटी डॉलरच्या घरात गेला. सिनेटच्या उपसमितीने मार्च 2013 मध्ये दिलेला अहवाल वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: पहिली ओरड बँकेच्या आतील पडताळणीने केली नाही, ती समोरच्या पक्षांनी केली. तारणावरून वाद उभे राहिले आणि ते सुमारे 69 कोटी डॉलरपर्यंत गेले. त्याच बँकेचा दुसरा विभाग त्याच निर्देशांकांना वेगळा भाव लावत होता, हेही तेव्हाच बाहेर आले.

म्हणून नियामकाने सगळ्यांवर सारखी नजर ठेवण्यापेक्षा, ज्या सभासदाचा आकडा सातत्याने त्याच्याच फायद्याच्या बाजूला झुकतो आहे, त्याच्यावर नजर ठेवावी. एका दिवसाच्या आकड्यातून काही सिद्ध होत नाही. तीस दिवसांच्या झुकावातून बरेच काही दिसते. आणि सभासदाची बाजू कोणती हे क्लिअरिंग हाऊसला माहीतच असते.

कायदेपंडित_नव्हे

नावाप्रमाणे मी पंडित नाही, पण वित्तीय कायद्यात काम करते, म्हणून नियमांची बाजू मांडते. अमेरिकेत हा एकच भाव दोन नियामकांच्या अखत्यारीत येतो. एकेकट्या कंपनीवरील करार सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशनकडे, व्यापक निर्देशांकावरील करार कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनकडे. क्लिअरिंग हाऊसची भाव काढण्याची कार्यपद्धती मात्र एकच असते.

भाव काढण्याच्या रीतीत बदल करायचा झाल्यास सिक्युरिटीज कमिशनकडे नियमबदलाचा प्रस्ताव दाखल करावा लागतो; तो राजपत्रात प्रसिद्ध होतो, लोकांना मत देण्यासाठी मुदत मिळते, आणि कमिशनला निर्णयासाठी सुरुवातीला 45 दिवस असतात, ते 90 पर्यंत वाढू शकतात, आणि औपचारिक कार्यवाही सुरू झाली तर 240 पर्यंत. दुसऱ्या कमिशनकडे तोच बदल क्लिअरिंग हाऊसने स्वतः प्रमाणित करून पाठवला तर कामकाजाच्या दहा दिवसांनी तो सहसा लागू होतो. एकाच खोलीला दोन दारे आहेत. एकावर कुलूप, दुसऱ्यावर नुसती कडी.

मूळ कसोटीचे शब्द क्लिअरिंग हाऊस आदी संस्थांसाठीच्या 2012 मधील आंतरराष्ट्रीय तत्त्वांमधून आले आहेत आणि सिक्युरिटीज कमिशनने 2016 मध्ये ते जवळजवळ जसेच्या तसे आपल्या नियमांत घेतले: वेळेवर मिळणाऱ्या भावमाहितीचा विश्वसनीय स्रोत असावा, आणि अशी माहिती उपलब्ध नसेल किंवा भरवशाची नसेल तेव्हा काय करायचे याची कार्यपद्धती आणि सुयोग्य मूल्यांकन प्रारूपे असावीत. धागालेखकांना हे शब्द गुळगुळीत वाटतात. मला त्यात एक शहाणपण दिसते. नियमात सूत्र लिहिले असते तर ते 2012 च्या बाजाराचे सूत्र राहिले असते.

तरीही माझी तक्रार वेगळी आहे. हे प्रस्ताव जाहीर होतात, परंतु त्यांवर मते जवळजवळ कोणीच पाठवत नाही. ज्यांना समजते ते सभासद असतात आणि त्यांचे म्हणणे आतल्या समित्यांमध्ये आधीच ऐकून घेतलेले असते. बाहेरच्याला कार्यपद्धतीचे दस्तऐवज पूर्ण मिळत नाहीत, कारण काही भाग गोपनीय म्हणून वगळलेला असतो. म्हणजे सल्लामसलत नियमाप्रमाणे होते आणि तरीही कोणाशी सल्लामसलत होत नाही.

निवृत्त_कॅशियर

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण पूर्ण समाधान झाले नाही. जिथे सौदा झालेला आहे तिथे तरी तोच भाव घेणे बंधनकारक का नसावे?

शिकागोकर

कारण झालेला सौदाही कधीकधी प्रश्न सोडवत नाही. मार्च 2022 मध्ये लंडन मेटल एक्सचेंजवर निकेलचे सौदे टनाला एक लाख डॉलरच्या वर झाले. भाव खरा होता, पडद्यावर होता. त्या भावाने हिशेब केला असता तर सभासदांकडून सुमारे 1,970 कोटी डॉलरचे मार्जिन (जोखमीपोटी भरायची रक्कम) मागावे लागले असते आणि अनेक सभासद कोसळले असते, असे तिथल्या क्लिअरिंग हाऊसचे म्हणणे होते. त्यांनी आदल्या दिवसाचा बंद भाव धरला, आणि एक्सचेंजने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले. ज्यांचा नफा बुडाला ते न्यायालयात गेले आणि हरले. मार्च 2025 मध्ये ब्रिटनच्या नियामकाने एक्सचेंजला 92 लाख पौंडांचा दंड केला, तो त्या दिवशीच्या अस्थिरतेला तोंड देण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती म्हणून.

रोखेवाला

आणि आपल्याकडचे याच्या नेमके उलट उदाहरण: 20 एप्रिल 2020. टाळेबंदीमुळे एमसीएक्स या मुंबईच्या वायदे बाजाराचा व्यवहार संध्याकाळी पाचला बंद होत होता. कच्च्या तेलाचा एप्रिलचा करार इथे 965 रुपयांना थांबला. रात्री न्यूयॉर्कमध्ये तोच वायदा उणे 37.63 डॉलरवर स्थिरावला आणि करारातील अटीप्रमाणे इथला अंतिम भाव उणे 2,884 रुपये झाला. ज्यांनी पाचपर्यंत सौदा सोडला नव्हता त्यांना नंतर तो सोडायला वावच नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले. काका, इथे भाव पूर्णपणे सौद्यांवरून आला होता, सूत्र आधीपासून लिहिलेले होते, कोणा सभासदाला विचारलेले नव्हते. तरी मुंबईतल्या अनेक दलालांना तो अन्याय वाटला, कारण ज्या बाजारात भाव ठरला तो त्यांच्यासाठी त्या वेळी बंद होता.

निवृत्त_कॅशियर

ते प्रकरण मला चांगले आठवते. ओळखीच्या एका कुटुंबाला त्यात बराच फटका बसला होता. मान्य. "सौद्यांचा भाव" एवढे म्हटल्याने भागत नाही.

सव्वादोनची_पाळी

मूळ मुद्द्याकडे परत येतो. शिकागोकरांचा झुकाव मोजण्याचा प्रस्ताव मला पटला, पण माझी अडचण त्याने सुटत नाही. सगळे एकाच रीतीने चुकत असतील तर कोणाचाच झुकाव दिसणार नाही.

त्यासाठी एक गोष्ट करता येईल, आणि ती करणे क्लिअरिंग हाऊसच्या हातात आहे. प्रत्येक भाव कशावरून आला याची वर्गवारी सभासदाकडून मागावी: प्रत्यक्ष सौदा, दलालाचा पक्का भाव, दर्शक भाव, की वक्ररेषेवरून ओढलेला आकडा. आम्ही बँकेच्या आत हे रोज लिहितोच. लेखापरीक्षक विचारतात म्हणून लिहावे लागते. तीच खूण भावाबरोबर पुढे पाठवायला किती कष्ट लागतील? मग एखाद्या नावाच्या सात वर्षांच्या करारासाठी बारा भाव आले आणि बाराही वक्ररेषेवरून ओढलेले असतील, तर क्लिअरिंग हाऊसला कळेल की आपल्याकडे बारा मते नाहीत, एक मत बारा वेळा लिहिलेले आहे. अशा करारांसाठी खरेदी-विक्रीतील अंतर वाढवावे आणि मार्जिनही वाढवावे.

कायदेपंडित_नव्हे

हा प्रस्ताव नियमाच्या चौकटीत नीट बसतो, कारण "भावमाहिती भरवशाची नसेल तेव्हा" हे शब्द आधीच आहेत. ती भरवशाची नाही हे ओळखायचे कसे, एवढेच सांगायचे राहिले आहे. एक धोका मात्र ध्यानात घ्यावा. मार्जिन वाढणार हे कळले की सभासद प्रत्येक आकड्यापुढे "दलालाचा भाव" अशीच खूण करतील. ती खूण नंतर तपासता आली पाहिजे आणि खोटी निघाल्यास दंड झाला पाहिजे.

कोल्हापूरची_तिखट_भेळ

भारतात सीडीएस आहेत का? असतील तर त्यांचा भाव कोण काढते? इथे सगळे शिकागो आणि लंडनच चालले आहे.

रोखेवाला

आहेत, कागदावर. रिझर्व्ह बँकेने 2011 मध्ये कंपन्यांच्या रोख्यांवरील सीडीएसला परवानगी दिली. बाजार उभा राहिलाच नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये नवे निर्देश काढले, ते मे 2022 पासून लागू झाले, आणि सौद्यांची नोंद क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या नोंदभांडारात करणे बंधनकारक केले. नोंद, क्लिअरिंग नव्हे. समोरचा पक्ष बुडण्याची जोखीम ज्याची त्याच्याकडेच राहते. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांना सीडीएस विकत घेण्याबरोबर काही अटींवर विकण्याचीही मुभा दिली. पण बाजारातील उलाढाल अजून नगण्य आहे.

भावाचा प्रश्न आपल्याला रोख्यांच्या रूपाने आधीच भेटलेला आहे. 2018 मध्ये आयएल अँड एफएस बुडाली तेव्हा काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तिचे रोखे सर्वोच्च मानांकनाचे होते आणि फंडांच्या पत्रकांत त्यांचा भावही तसाच लागलेला होता. तिथेही सौदे क्वचितच होत, आणि भाव मूल्यांकन संस्थांच्या तक्त्यावरून येत असे. उद्या इथे सीडीएसचे क्लिअरिंग सुरू करायचे ठरले, तर भाव सांगू शकतील असे सभासद किती निघतील? माझ्या अंदाजाने पाच-सहा. त्यात फर्म ट्रेडची सक्ती केली तर दोन गळतील.

कोल्हापूरची_तिखट_भेळ

मग सक्ती न करता सुरू करावे का?

शिकागोकर

माझ्या मते नाही. सीएमईचे उदाहरण पाहा. शिकागोच्या या मातब्बर संस्थेने 2009 च्या अखेरीस सीडीएसचे क्लिअरिंग सुरू केले होते आणि 2018 मध्ये ते बंद केले, कारण बहुतेक व्यवसाय आइसकडेच राहिला. आइसनेही लंडनमधील आपले सीडीएस क्लिअरिंग 2023 मध्ये गुंडाळले. इतक्या मोठ्या बाजारातही हा धंदा दोन-तीन ठिकाणांपुरता उरला आहे: आइस क्लिअर क्रेडिट, पॅरिसचे एलसीएच, आणि जपानी नावांसाठी तोक्यो. भाव सांगणाऱ्यांची गर्दी जिथे आहे तिथेच क्लिअरिंग टिकते. भारतात ती गर्दी नसताना क्लिअरिंग हाऊस उभारले, तर दोन-चार बँकांच्या आकड्यांवर सार्वजनिक शिक्का बसेल, आणि परस्पर करारात जो वाद निदान उघड होतो तोही झाकला जाईल. एआयजी आणि गोल्डमन भांडत होते, त्यामुळे भाव शंकास्पद आहे हे तरी दिसत होते.

रोखेवाला

हा मुद्दा मला मूळ लेखात सुचला नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. माझ्या मागणीत तीन गोष्टी धरा: शिकागोकरांचा झुकाव मोजण्याचा नियम, पुणेकरांची स्रोताची खूण, आणि क्लिअरिंग हाऊसने दर महिन्याला प्रसिद्ध करायचा एक तक्ता, ज्यात प्रत्येक करारासाठी सरासरी किती सभासदांनी भाव कळवले, किती वेळा भाव ओलांडले गेले आणि किती फर्म ट्रेड झाले, एवढेच असेल. सभासदांची नावे नकोत. एखाद्या करारात भाव सांगणारे तीनच उरले आहेत हे ज्याला दिसेल, तो त्या करारात किती रक्कम अडकवायची ते स्वतः ठरवील.

कायदेपंडित, असा तक्ता मागण्यासाठी नवा नियम लागेल, की आहे त्या प्रकटीकरणाच्या नियमांत तो बसवता येईल?

कायदेपंडित_नव्हे

क्लिअरिंग हाऊस आजही दर तिमाहीला ठरावीक नमुन्यातील आकडेवारी प्रसिद्ध करतात. त्यात मार्जिन अपुरे पडल्याचे प्रसंग, हमी निधी, सर्वांत मोठ्या सभासदांचा वाटा असे तपशील असतात. तो नमुना आंतरराष्ट्रीय समित्यांनी 2015 मध्ये ठरवलेला आहे. त्यात हे तीन रकाने वाढवण्यासाठी कायदा लागणार नाही. ज्या क्लिअरिंग हाऊसला आपल्या भावाची खात्री आहे ते उद्यापासूनही स्वेच्छेने प्रसिद्ध करू शकते. पुढचा नियमबदलाचा प्रस्ताव जाहीर होईल तेव्हा मत पाठवण्याची मुदत साधारण तीन आठवड्यांची असेल आणि मत कोणत्याही देशातील नागरिकाला पाठवता येते. मसुदा इथेच तयार करायचा असेल तर मी कायद्याचा भाग लिहीन. आकड्यांचे उदाहरण रोखेवाल्यांनी वर दिलेलेच घ्यावे, मात्र त्यात सहावा आणि सातवा सभासद घालून सगळ्यांनी एकच दलाल वापरला तर काय होते तेही दाखवावे.